शिकागो कब्ज (Cubs) या अमेरिकन बेसबॉल संघाची स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे मोसमाआधीचा सराव आणि सराव सामने, पहिल्यांदाच बघतोयस? मग हे वाच

सगळ्यात आधी, निकाल मनाला लावून घेऊ नकोस. या सामन्यांचे निकाल मुख्य मोसमात धरत नाहीत. शिकागो कब्ज मार्चमध्ये सलग हरले तरी घाबरायचं कारण नाही.

पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (फलंदाजामागे तो झेलणारे) फेब्रुवारीच्या मध्यावर ॲरिझोना राज्यातल्या मेसा शहरात येतात, बाकीचे काही दिवसांनी. सुरुवातीला मुख्य पिचर एक-दोन इनिंग (सामन्याच्या नऊ डावांपैकी) टाकून बाहेर जातो, मग हळूहळू चेंडूंची संख्या वाढवतात. त्याने किती रन दिले यापेक्षा वेग टिकतोय का, नव्या प्रकारचा चेंडू घोटवतोय का, ते बघ. ॲरिझोनाची हवा कोरडी असल्याने चेंडू कमी वळतो आणि लांब उडतो, त्यामुळे तिथल्या होमरनवर (मैदानाबाहेर मारलेल्या फटक्यांवर) फार विसंबू नकोस.

पाचव्या-सहाव्या इनिंगनंतर नावाजलेले खेळाडू निघून जातात आणि निम्मे प्रेक्षकही उठतात. तू मात्र बसून राहा! खरी गंमत तेव्हाच सुरू होते. पाठीवर ऐंशीच्या घरातला नंबर असलेली नवखी पोरं मैदानात उतरतात. त्यातली बरीचशी संघाच्या चाळीस जणांच्या मुख्य यादीतही नसतात, आणि मोसमाच्या सुरुवातीला संघात जागा असतात फक्त 26. साध्या ग्राउंडरवरही (जमिनीलगत गेलेल्या फटक्यावरही) ती जिवाच्या आकांताने पहिल्या बेसकडे धावतात. मला हे बघायला मनापासून आवडतं.

तिकीट स्लोन पार्क या कब्जच्या मेसातल्या मैदानाच्या आउटफिल्डमागच्या (मैदानाच्या दूरच्या भागामागच्या) हिरवळीचं घे. सामने बहुतेक दुपारी असतात, तेव्हा टोपी आणि पाणी हवंच. सकाळी लवकर गेलास तर शेजारच्या सरावाच्या मैदानांवर खेळाडू अगदी जवळून दिसतात.