केक नाही कापला तर वय वाढतं का?

"मॅडम, मुलगा सव्वापाच वर्षांचा झालाय आणि स्वतःचं वय चार सांगतो. कितीही समजावलं तरी चारच. बुद्धीची टेस्ट करून घ्यावी का?"

मी लहान मुलांचं समुपदेशन करते. असे फोन मला वरचेवर येतात. वाढदिवस आणि वय यांबद्दल लहान मुलं जे तारे तोडतात, त्यांवर घरात आधी हसू होतं, व्हिडिओ काढून आत्याला पाठवला जातो आणि आठवड्याभराने तोच प्रकार चालू राहिला की धाकधूक सुरू होते. साधं स्वतःचं वय कळत नाही म्हणजे काय!

हा फोन कोथरूडमधल्या एका आईचा होता. मुलाची हकीकत सांगते, त्याच्या आईबाबांना विचारून आणि ओळख लागेल असं सगळं बदलून. त्याला आपण बंड्या म्हणू.

त्याच्याआधी एकदोन नमुने. एका मुलीचा वाढदिवस घरी तिथीने झाला, शाळेत तारखेला झाला आणि मित्रमंडळींसाठी रविवारी हॉल घेऊन झाला. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे तिथी आणि तारीख क्वचितच एका दिवशी येतात. त्या वर्षी मध्ये नऊ दिवस होते. बाईसाहेब आजीच्या औक्षणाला पाच वर्षांच्या झाल्या, शाळेत सहा आणि हॉलमध्ये सात. सोमवारी आईला म्हणाली, "आता मी दुसरीत जाते." दुसरा एक मुलगा बाबांना रोज आश्वासन द्यायचा, "मी मोठा झालो ना, की तू लहान होशील. मग मी तुला कडेवर घेईन." आणि 'पुढच्या वाढदिवसाला मी दादाएवढा होणार' ही आशा तर घरोघरी असते. त्या दिवसापर्यंत दादाही पुढे सरकलेला असतो, हे कळलं की होणारी रडारड पाहण्यासारखी असते.

ही मुलं मंद नाहीत. उलट समोर दिसतं त्यावरून नीट हिशेब करतात. टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅकलिन वूली यांनी अमांडा ऱ्होड्स यांच्यासोबत तीन ते पाच वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगितल्या: एका मुलाची वाढदिवसाची पार्टी झालीच नाही, एकाच्या दोन झाल्या, आता त्यांचं वय काय? पार्टी नाही म्हणजे वय होतं तेवढंच राहिलं, असं सांगणारी मुलं त्यांत बरीच निघाली. का नाही निघणार? आदल्या रात्री आपणच सांगतो, "उद्या तू पाच वर्षांचा होणार." सकाळी नवे कपडे, संध्याकाळी केक, मेणबत्त्या एकाने जास्त, आणि लगेच "झालास ना आता मोठा? मग बाटली बंद." वर्षभर वय गुपचूप वाढत होतं याचा पुरावा मुलाच्या डोळ्यांसमोर कुठे असतो? असतो तो केक.

तर बंड्या. त्याचा पाचवा वाढदिवस डिसेंबरमध्ये होता. तो झालाच नाही, कारण एप्रिलमध्ये आजोबा गेले होते आणि वर्षभर घरात काही करायचं नाही असं ठरलं होतं. बंड्याने कुरकुर केली नाही, हट्ट केला नाही. पण तेव्हापासून वय विचारलं की चार. जूनपासून मोठ्या गटात जायचंय म्हटलं की, "मी चारचा आहे, मी लहान गटातच बसणार." इथवर मलाही हे केकचंच प्रकरण वाटण्यासारखं होतं. पण बोलता बोलता आईने सहज सांगितलं, की गेल्या आठवड्यात देवघरातलं निरांजन आणि फुलवातींचा डबा दिसेनासा झाला. सगळं घर पालथं घातलं. शेवटी दोन्ही वस्तू बंड्याच्या खेळण्यांच्या टोपलीत, गाड्यांच्या ढिगाखाली सापडल्या. आजोबांचं वर्षश्राद्ध उरकल्यावर मे महिन्यात आजींची पंच्याहत्तरी घरच्या घरी करावी, असं बोलणं त्याच सुमारास चाललं होतं.

मी पुढच्या वेळी आजींनाही बोलावलं. बंड्या चित्र काढत बसला होता. मी विचारलं, "आजीला पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळलं तर काय होईल रे?"

"ती पंच्याहत्तर वर्षांची होईल."

"आणि नाही ओवाळलं तर?"

"मग चौऱ्याहत्तरच." मान वर न करता तो पुढे म्हणाला, "आजोबांना एक्क्याऐंशी दिवे लावले. मग ते मेले."

आई कळवळून म्हणाली, "असं बोलू नये राजा." मी तिला खुणेने थांबवलं. आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन जानेवारीत थाटात झालं होतं. हजार पौर्णिमा म्हणजे ऐंशी वर्षं आणि काही महिने. त्यामुळे ते एक्क्याऐंशीव्या वर्षात करतात. कणकेचे एक्क्याऐंशी दिवे परातींतून मांडलेले बंड्याने पाहिले होते. तीन महिन्यांनी आजोबा गेले आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस म्हणून गेला, "वय झालं होतं हो त्यांचं." दिवे लावले की वय होतं, वय झालं की माणूस जातो. मग शहाण्या मुलाने निरांजन लपवायचं नाही तर काय करायचं? स्वतःचा वाढदिवस टळला, हेही त्याच्या हिशेबात बरंच झालं होतं.

आजी मात्र खमक्या. म्हणाल्या, "अरे, मग मला पाचच दिवे लाव. मी येते तुझ्याबरोबर शाळेत."

बंड्याने गंभीरपणे विचार केला. "पण तुझा डबा कोण भरणार?"

पहिलं काम आजोबांच्या जाण्याचं कारण सांगण्याचं होतं. 'वय झालं', 'देवबाप्पाने बोलावलं', 'झोपेतच गेले' ही वाक्यं मोठ्यांच्या समाधानासाठी ठीक. मूल त्यातून भलतंच काही उचलतं. झोपेत गेले ऐकून रात्री झोपायला घाबरणारी मुलं मी पाहिली आहेत. बाबांनी त्याला सरळ सांगितलं, की आजोबांच्या हृदयाला मोठा आजार होता, डॉक्टरांनी औषधं दिली, तरी ते चालायचं थांबलं, आणि दिव्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. बंड्याने लगेच विचारलं, "दिवे लावले नसते तर?" तरीही गेले असते, असं बाबा म्हणाले. हा प्रश्न त्याने पुढे बरेच दिवस आलटून पालटून विचारला. उत्तर दर वेळी तेच आणि तेवढंच द्यायचं, असं मी बजावलं होतं. मेलेलं माणूस परत येत नाही आणि हे सगळ्यांच्या बाबतीत होतं, ही समज साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पक्की होत जाते. एका बैठकीत ती होत नाही.

दुसरं काम वयाचं. आईने गेल्या वर्षीची पँट घालून पाहायला लावली. ती पोटऱ्यांपर्यंत आली. "केक नव्हता, तरी तू वाढलास की नाही?" युक्ती चांगली, पण अर्धी. कारण लगेच नवा सिद्धांत आला: उंच तो वयाने मोठा. आजी वाकल्यामुळे आईपेक्षा बुटक्या दिसतात, म्हणजे आजी लहान होत चालल्या! यात नवल नाही. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांशी वयाबद्दल गप्पा मारल्या तेव्हा त्यांनाही हेच ऐकायला मिळालं होतं, जो मोठा दिसतो तो वयाने मोठा.

यावर पुण्यात औषध आयतं आहे. मी त्यांना रविवारी पेशवे पार्कात पाठवलं. तिथली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, १९५६ सालापासून धावते, म्हणजे बंड्याच्या बाबांच्या कितीतरी आधीपासून. मग वनाझहून मेट्रोत बसवलं. मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा बंड्या सव्वा वर्षाचा होता. एवढी अवाढव्य गाडी आपल्यापेक्षा लहान आहे, हे कळल्यावर त्याची छाती फुगली म्हणतात. डब्यातल्या एका आजोबांना त्याने ते ऐकवलंही.

घरी भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज रात्री एक तारीख खोडायचं काम त्याच्याकडे दिलं. प्रत्येक खोडलेल्या चौकोनाबरोबर घरातल्या सगळ्यांचं वय एक दिवसाने वाढतं, कुणी काही केलं नाही तरी, झोपलं तरी. "दुपारी झोपलो तरी?" हो. "मग मी दुपारी झोपणार नाही." आईने माझ्याकडे जे पाहिलं ते मी लक्षात ठेवलं आहे. दुपारची झोप चार दिवसांनी परत आली.

टेस्टचं विचाराल तर, सहा-सात वर्षांपर्यंत वयाचा गोंधळ असला तर त्यासाठी चाचणीची गरज नाही. त्याच्या जोडीला सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, शाळेत जायचंच नाही म्हणून रोज आकांत, झोप किंवा जेवण उडालं, मीही मरणार असं मूल सारखं म्हणू लागलं आणि हे काही आठवड्यांत ओसरलं नाही, तर जरूर भेटा. बंड्याच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

आजींची पंच्याहत्तरी मेमध्ये झाली. त्यातच बंड्याचा राहिलेला केक आणावा का, असं आईने विचारलं. जरूर आणा, म्हटलं, फक्त कापण्याआधी सांगा, की तू पाच वर्षांचा डिसेंबरमध्येच झालास, केक तेवढा आज आला. आजींनी मेणबत्त्या फुंकायला मनाई केली, शुभदिवशी दिवा विझवायचा नसतो म्हणून. त्यावर बरीच वाटाघाट होऊन पाच मेणबत्त्या केकऐवजी बाजूच्या ताटलीत उभ्या राहिल्या. बंड्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षीचाही वाढदिवस मेमध्येच करू म्हणाला. वय काय, डिसेंबरमध्ये आपोआप होईल. पण डिसेंबरच्या थंडीत आई आईस्क्रीम देत नाही.