जुना लॅपटॉप, नवा लॅपटॉप : फायली नेताना मागे काय राहते?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१४ सालचा असून त्यावर विंडोज ७ आहे. निवृत्तीनंतर गावच्या देवस्थानाच्या उत्सवात होणाऱ्या नाटकांच्या संहिता, शाळेच्या वार्षिकांकांचे मजकूर आणि जत्रेची, चवथीची छायाचित्रे मी त्यावर जपून ठेवली आहेत. माझ्या दिवंगत सासऱ्यांनी गायिलेल्या भजनांची ध्वनिमुद्रणेही त्यातच आहेत. सगळे मिळून सुमारे दोनशे जीबी होते. संहिता बहुतांशी श्रीलिपीत टाइप केलेल्या आहेत. मुलाने विंडोज ११ असलेला नवा लॅपटॉप पाठवला आहे आणि ‘सगळे क्लाउडवर चढव, नव्यावर आपोआप येईल’ असे तो सांगतो. आमच्या भागात इंटरनेट धड चालत नाही. काही गहाळ न होता हे सगळे नव्या लॅपटॉपवर कसे न्यावे?
– एक निवृत्त शिक्षिका, डिचोली

उत्तर : मुलाचा सल्ला चुकीचा नाही, मात्र आपल्या परिस्थितीत सुरुवात तिथून करू नये. गूगल १५ जीबी आणि मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह ५ जीबी एवढीच जागा विनामूल्य देतात, त्यामुळे दोनशे जीबीसाठी पैसे मोजावे लागतील. अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट धरला आणि तो अखंड मिळाला असे मानले, तरी एवढा ऐवज चढायला चव्वेचाळीस तासांहून अधिक वेळ लागतो. नंतर तो नव्या लॅपटॉपवर उतरवायचा वेळ वेगळाच. शिवाय सर्वसामान्य ग्राहकांसाठी विंडोज ७ ची सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आणि त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही आहे. अशा यंत्रावर आपल्या खात्याचा पासवर्ड टाकावा, असे मी सुचवणार नाही.

आपल्यासाठी सरळ मार्ग म्हणजे एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क. जुन्या यूएसबी २.० पोर्टवरूनही सेकंदाला साधारण ३० मेगाबाइट वेग मिळतो, म्हणजे मोठ्या फायलींचे काम दोन तासांच्या आसपास आटोपते. हजारो लहान छायाचित्रे असतील तर थोडा अधिक वेळ धरावा. लॅपटॉपला आतून निळ्या रंगाचे पोर्ट असेल तर ते बहुधा यूएसबी ३.० चे असते, डिस्क तिथेच जोडावी. पेन ड्राइव्हवर हे काम करण्याचा मोह टाळावा. लहान पेन ड्राइव्ह पुष्कळदा फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. तीन अंकी नाटकाचे सलग चित्रीकरण तिथे अडते, आणि मोकळी जागा दिसत असूनही फाइल का जात नाही, हे माणसाच्या लक्षात येत नाही.

आता क्रमाकडे यावे, कारण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. इतक्या वर्षांच्या हार्ड डिस्कला सलग काही तास वाचायला लावणे हा तिच्यावर ताणच असतो आणि तिने दगा द्यायचा झाला तर अशाच वेळी देण्याची शक्यता अधिक. म्हणून जे पुन्हा कुठूनही मिळणार नाही ते आधी न्यावे. सासऱ्यांच्या आवाजातील भजने पहिली, संहिता दुसऱ्या, छायाचित्रे त्यानंतर. प्रत्येक वेळी ‘कॉपी’च करावे, ‘कट’ कधीही करू नये. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर ‘कट’ करताना संगणक मजकूर तिकडे उतरवून इकडचा पुसत जातो, आणि मध्येच वीज गेली तर अर्धे इथे, अर्धे तिथे अशी अवस्था होते. पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा भरवसा धरता येत नाही आणि इतक्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी पाच मिनिटेही टिकेल असे नाही, म्हणून घरी इन्व्हर्टर असल्यास लॅपटॉप त्यावर जोडावा. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘स्लीप’ हा पर्याय ‘नेव्हर’वर ठेवायलाही विसरू नये, नाहीतर आपण स्वयंपाकघरात असताना लॅपटॉप झोपी जातो आणि काम थांबते.

कॉपी झाल्यावर पडताळणी करावीच. मूळ फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तिथे फायलींची आणि फोल्डरांची संख्या दिसते, तसेच ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ असे दोन आकडे दिसतात. डिस्कवरील प्रतीशी ताडून पाहायची ती संख्या आणि पहिला आकडा, कंसातल्या बाइट्ससह. दुसरा आकडा डिस्कच्या फॉरमॅटनुसार बदलतो, तो जुळला नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. संख्या जुळली तरी प्रत्येक फोल्डरमधील दोनचार फायली उघडून पाहाव्यात आणि भजने तर शेवटपर्यंत ऐकावीत. फाइल जागेवर असणे आणि ती धड असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तारखांची एक बाब इथेच सांगतो. कॉपी केलेल्या फाइलची ‘क्रिएटेड’ तारीख कॉपी केल्या दिवसाची होते, ‘मॉडिफाइड’ तारीख मात्र मूळचीच राहते. छायाचित्रांच्या पोटात कॅमेऱ्याने नोंदलेली तारीख असते, तशी ती ध्वनिमुद्रणात असेलच असे नाही. भजन कोणत्या साली गायिले गेले हे आपल्याला केवळ फाइलच्या तारखेवरून कळत असेल, तर ते साल आणि शक्य असल्यास प्रसंग फाइलच्या नावातच लिहून ठेवावा. पुढे हे जपणाऱ्या नातवंडांना त्याचा फार उपयोग होईल.

आता संहितांविषयी. मराठी वाचकांचे जे नुकसान मी सर्वाधिक वेळा पाहतो ते इथे होते. फाइल व्यवस्थित पोहोचते, पण नव्या लॅपटॉपवर उघडल्यावर नांदीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. लोक समजतात की फाइल बिघडली, आणि ती पुसून टाकतात. वास्तविक फाइल शाबूत असते. श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या क्रमांकांवर बसवलेले असतात. तो फॉन्ट यंत्रावर नसेल तर संगणक त्या क्रमांकांवरची मूळ चिन्हे दाखवतो. म्हणून दस्तऐवजांबरोबर फॉन्टही न्यावे लागतात. सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरमध्ये ‘फॉन्ट्स’ नावाचे फोल्डर असते. संहितांमध्ये वापरलेल्या फॉन्टांची नावे आधी वर्डमध्ये पाहून कागदावर टिपावीत, त्या फायली एक्स्टर्नल डिस्कवर उतरवाव्यात आणि नव्या लॅपटॉपवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणावे. श्रीलिपी हे विकत घ्यायचे सॉफ्टवेअर आहे. नव्या यंत्रावर तिचा परवाना चालेल की नाही याची विक्रेत्याकडे चौकशी करावी. तिच्या काही आवृत्त्यांना यूएसबीत लावायचे कुलूप असते, तेही जपून ठेवावे.

एवढ्यावर थांबू नये, असा माझा आग्रह आहे. जुना लॅपटॉप चालू आहे तोवर प्रत्येक संहिता त्याच यंत्रावर वर्डमधून पीडीएफ म्हणून जतन करावी. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच साठवला जातो, त्यामुळे ती कुठल्याही यंत्रावर जशीच्या तशी दिसते आणि छापताही येते. त्यानंतर सवडीने संहितांचे युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या आणि सर्व यंत्रांवर चालणाऱ्या पद्धतीत, रूपांतर करावे. त्यासाठीची परिवर्तक साधने इंटरनेटवर मिळतात, मात्र त्यांतून आलेला मजकूर मुद्रिते तपासावीत तसा वाचावा लागतो. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ऱ्हस्व इकार भलत्या व्यंजनाला चिकटतो, ‘द्ध’ आणि ‘ह्म’सारखी जोडाक्षरे फुटतात. नाट्यपदांत अशी एक चूक राहिली तरी गाणारा अडखळतो. शिक्षिका म्हणून हे काम आपल्याइतके चोख दुसरा कोणी करील असे मला वाटत नाही. यापुढचे नवे लेखन थेट युनिकोडमध्येच करावे. विंडोज ११ मध्ये मराठीचे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कळफलक आहेत.

नव्या लॅपटॉपवर फायली उतरवताना एक सावधगिरी बाळगावी. तो पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते जोडले गेले असेल, तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डर वनड्राइव्हला बांधली गेलेली असण्याचा संभव असतो. तिथे दोनशे जीबी ओतले की पाच जीबींची विनामूल्य जागा लगेच भरते, इशारे येऊ लागतात आणि घरचे इंटरनेटही त्यातच गुंतून पडते. म्हणून डी ड्राइव्ह असल्यास तिथे, नसल्यास थेट सी ड्राइव्हवर ‘संग्रह’ अशा नावाचे फोल्डर करून त्यात सर्व ठेवावे. त्याआधी एक्स्टर्नल डिस्क विंडोज सिक्युरिटीमधून स्कॅन करून घ्यावी, कारण जुन्या यंत्राला कित्येक वर्षे सुरक्षा अद्यतने मिळालेली नाहीत.

डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये आणि डी ड्राइव्हवर काही राहिले नाही ना, हे पाहावे. ब्राउझरमधील बुकमार्क एक्स्पोर्ट करून घ्यावेत. पासवर्ड वहीत उतरवून ठेवावेत. ब्राउझरचे फोल्डर उचलून नेल्याने ते येत नाहीत, कारण ते जुन्या यंत्रावरील आपल्या खात्याच्या किल्लीने बंद केलेले असतात. प्रोग्राम कॉपी करून चालत नाहीत, ते नव्याने इन्स्टॉल करावे लागतात.

आणि हे सर्व झाल्यावरही जुना लॅपटॉप येती चवथ होईपर्यंत पुसू नये. कोणती फाइल राहिली हे ती लागेल तेव्हाच कळते. एक्स्टर्नल डिस्कवरची प्रतही तशीच ठेवावी, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, कारण आपल्याकडचा दमटपणा यंत्रांना मानवत नाही. मुलाचा क्लाउडचा सल्ला आता अमलात आणावा, तोही नव्या लॅपटॉपवरून आणि फक्त भजने व संहिता यांच्यापुरता. ध्वनिमुद्रणे फार लांबलचक नसतील, तर एवढा ऐवज बहुधा विनामूल्य जागेत मावेल, आणि घराबाहेर एक प्रत राहील.

प्रश्न : दोन्ही टोकांना सारखीच यूएसबी पिन असलेली केबल बाजारात मिळाली. तिने दोन लॅपटॉप एकमेकांना जोडता येतील काय? दुकानाचा हिशोब टॅलीवर आहे, तोही न्यायचा आहे.
– एक किराणा व्यापारी, फोंडा

उत्तर : ती साधी केबल दोन लॅपटॉपांना जोडू नये. दोन्ही लॅपटॉप स्वतःला यजमान, म्हणजे जोडणी चालवणारे यंत्र, समजतात आणि दोन्हींकडून ५ व्होल्टचा पुरवठा येतो. फायली तर जात नाहीतच, उलट पोर्टला अपाय होण्याची भीती असते. मधोमध इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेली आणि ‘डेटा ट्रान्स्फर’ किंवा ‘ब्रिज’ या नावाने विकली जाणारी केबल वेगळी, ती चालते. दोन्ही लॅपटॉपांना लॅनचे पोर्ट असल्यास साध्या लॅन केबलनेही ते जोडता येतात, मात्र त्यासाठी शेअरिंगची मांडणी करावी लागते. एका दुकानाच्या हिशोबापुरता एवढा खटाटोप करण्याची गरज नाही, पेन ड्राइव्ह पुरेसा आहे.

टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्यावा आणि नव्या यंत्रावर ‘रिस्टोअर’ करावा. त्याआधी जुन्यावरील आवृत्ती पाहून ठेवावी, कारण नव्यावर त्याहून नवी आवृत्ती असेल तर जुना डेटा प्रथम नव्या पद्धतीत रूपांतरित करावा लागू शकतो. एका वेळी एकाच यंत्रावर चालणारा परवाना जुन्यावरून ‘सरेंडर’ केल्याशिवाय नव्यावर सुरू होत नाही, हे ध्यानात ठेवावे. सरेंडर करायला जुना लॅपटॉप इंटरनेटसह चालू असावा लागतो, म्हणून हे काम तो बंद पडायच्या आत उरकावे. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या आठवड्यात हा बदल करू नये. नव्यावर ताळेबंद आणि ग्राहकांच्या उधारीच्या बाक्या जुन्याशी रुपयान् रुपया जुळल्या, की मगच त्यावर नवी बिले करावीत.

प्रश्न : माझा जुना लॅपटॉप चालू होतो, पंख्याचा आवाज येतो, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. त्यात प्रकल्पाचे सगळे काम आहे. दुरुस्ती परवडत नाही.
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : प्रथम तो एचडीएमआय केबलने घरातील टीव्हीला जोडून पाहावा. केवळ पडदा गेला असेल तर टीव्हीवर सर्व दिसेल आणि फायली नेहमीप्रमाणे काढता येतील.

टीव्हीवरही काही दिसले नाही, तर आतली डिस्क काढून यूएसबी एन्क्लोजरमध्ये, म्हणजे डिस्क यूएसबीने जोडता येईल अशा डबीत, बसवता येते. हे एन्क्लोजर संगणकाच्या दुकानात स्वस्तात मिळते, मात्र २.५ इंची साटा डिस्कसाठी वेगळे आणि एम.२ प्रकारच्या लहान एसएसडीसाठी वेगळे असते, म्हणून डिस्क हातात आल्यावरच ते विकत घ्यावे. काही बारीक, हलक्या लॅपटॉपांत स्टोरेज मदरबोर्डवरच जडवलेले असते, तिथे हा उपाय चालत नाही.

नव्या लॅपटॉपला डिस्क जोडल्यावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, किल्ली मागितली गेली तर गोंधळून जाऊ नये. विंडोज १० व ११ च्या अनेक लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करताच डिस्क आपोआप कूटबद्ध होते, आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात जतन होते. दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून त्या खात्यात जाऊन ‘डिव्हाइसेस’खाली ती सापडते. लॅपटॉप पहिल्यांदा दुकानदाराने किंवा नातलगाने सुरू करून दिला असेल, तर त्याच्या खात्याचीही चौकशी करावी. ही किल्ली मिळाली नाही तर कोणताही दुरुस्तीवाला ती डिस्क उघडू शकत नाही, तेव्हा ‘उघडून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

डिस्क फिरणारी असेल आणि तिच्यातून टकटक असा आवाज येत असेल, तर ती लगेच बंद करावी आणि पुन्हा पुन्हा जोडून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नाला आतल्या तबकडीवर ओरखडा वाढत जातो आणि जे अजून वाचवता आले असते तेही जाते. अशा वेळी डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचा खर्च विचारावा आणि दरम्यान प्रकल्पाच्या फायली मार्गदर्शकांना पाठवलेल्या ईमेलमध्ये, सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅपवर आणि छपाईच्या दुकानातील संगणकावर शोधाव्यात. निदान शेवटचा मसुदा तिथे सापडण्याची बरीच शक्यता असते.