दोरी ओढून हात भरून आला, तरी चेनसॉ सुरू होईना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : श्रीवर्धनजवळ आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. जून २०२०मध्ये निसर्ग चक्रीवादळात पडलेली झाडे तोडण्यासाठी काकांनी सुमारे ५० सीसीचा एक जुना पेट्रोल चेनसॉ विकत घेतला होता. ते काम संपल्यावर तो टाकीतल्या पेट्रोलसकट माळ्यावर गेला. आता दोरी ओढून ओढून दमल्यावर एखादा फटका मारतो आणि गप्प बसतो. प्लगच्या भोकात थोडे पेट्रोल सोडले तर मात्र लगेच सुरू होतो, काही क्षण चालतो आणि पुन्हा बंद पडतो. प्लग नवा घातला, कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून पाहिले, पण फरक नाही. मेकॅनिकच्या मते इंजिन गेले आहे. यंत्र भंगारात द्यावे काय? — एक बागायतदार

उत्तर : आपल्या पत्रातल्या एका वाक्यातच निम्मे निदान आलेले आहे. प्लगच्या भोकातून सोडलेल्या थेंबभर इंधनावर यंत्र लगेच चालू होते, याचा अर्थ ठिणगी पडते आहे, ती वेळेवर पडते आहे आणि सिलिंडरमधला दाबही कामापुरता शिल्लक आहे. हाताने घातलेले इंधन जळते, पण टाकीतले इंधन आपल्या वाटेने वर येत नाही, एवढाच दोष उरतो. त्यामुळे भंगाराचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. हा प्रयोग पुन्हा करायचा झाल्यास मात्र नुसते पेट्रोल न घालता ऑइल मिसळलेले इंधनच घालावे, कारण टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण केवळ इंधनातूनच मिळते आणि कोऱ्या पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचा उरलासुरला तेलाचा थरही धुऊन निघतो.

सुटे भाग आणण्यापूर्वी इंजिनाची प्रकृती एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावी, म्हणजे पुढचा खर्च वाया जाणार नाही. बार (साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी) आणि साखळी काढून ठेवावी, सायलेन्सर सोडवावा आणि दोरी हळूहळू ओढत एक्झॉस्टच्या खिडकीतून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहावा. पिस्टनचा अंगचा रंग राखाडी आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर काळजी नाही. त्यावर उभे, नखाला लागणारे ओरखडे असतील तर यंत्र कधीतरी कमी ऑइलवर किंवा फार पातळ मिश्रणावर (हवा जास्त, इंधन कमी) चालले आहे, आणि मग ब्लॉक (सिलिंडर) आणि पिस्टनचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीशी ताडून पाहावा लागेल. गॅरेजमधले कॉम्प्रेशन गेज १४ मिलिमीटर आट्यांचे असेल तर ते बहुतेक चेनसॉंना बसते. थ्रॉटल पूर्ण उघडून दोरी जोराने पाच-सहा वेळा ओढल्यावर प्रति चौरस इंच १२० पाउंडांहून अधिक दाब दिसला तर समाधान मानावे. नव्वदच्या आसपासचा आकडा दिसला तर यंत्र कधीच सुखासुखी सुरू होणार नाही. सायलेन्सर हातात आहेच, तर त्याच्या तोंडाची बारीक जाळी काजळीने बुजलेली नाही ना, तेही पाहावे. ही जाळी बुजल्यामुळे बंद पडणारी यंत्रे कमी नाहीत, आणि दुरुस्ती तारेच्या ब्रशने होते.

आता मूळ दोषाकडे येऊ. टाकीतली जुनी फेस आलेली, आंबूस वासाची घाण ओतून टाकावी आणि वाकवलेल्या तारेने आतली नळी बाहेर ओढावी. तिच्या टोकाला फिल्टर असतो. तो काळवंडला असेल तर बदलावा, धुण्याच्या भानगडीत पडू नये. नळी टाकीच्या भिंतीतून जिथे बाहेर येते, तिथे ती वाकवून पाहावी. वर्षानुवर्षे पेट्रोलमध्ये भिजलेली नळी तिथेच तडकते, आणि तड एरवी मिटलेली असल्याने नुसत्या नजरेला दिसत नाही. अशी नळी इंधनाऐवजी हवा ओढते. टाकीत हवा आत घेणारा एक लहानसा व्हॉल्व्ह असतो; तो चोंदला तर यंत्र सुरू होऊन काही मिनिटांनी मरते. टाकीचे झाकण थोडे सैल केल्यावर ते चालू राहिले, तर दोष त्या व्हॉल्व्हचाच समजावा.

नळी आणि फिल्टर बदलूनही फरक पडला नाही, तर कार्बोरेटर उघडण्यास पर्याय नाही, आणि आपल्या बाबतीत मला सर्वाधिक संशय याच जागेचा आहे. चेनसॉचा कार्बोरेटर मोटारसायकलच्या कार्बोरेटरहून वेगळा असतो. यंत्र आडवे, उलटे कसेही धरावे लागत असल्याने त्यात फ्लोट नसतो. त्याऐवजी दोन पातळ पडदे असतात. एक पडदा क्रॅंककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीतल्या, दाबाच्या चढउतारावर हलून पंपाचे काम करतो आणि दुसरा इंजिनाच्या ओढीप्रमाणे सुई उघडून मोजके इंधन आत सोडतो. हा दुसरा पडदा मऊ असला तरच इंजिनाच्या हलक्या ओढीने हलतो. जुन्या यंत्रातला पडदा हातात घेऊन मधोमध अंगठ्याने दाबावा : चांगला असेल तर निमूट वाकतो आणि परत येतो, म्हातारा झालेला असेल तर पापडासारखा कडक लागतो आणि ‘टक्’ असा आवाज करतो. असा पडदा दोरीच्या ओढीने सुई उघडूच शकत नाही. सिलिंडर कोरडा राहतो आणि माणूस दोरी ओढत बसतो.

उपाय महागडा नाही. कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेला क्रमांक पाहून त्याच क्रमांकाचे दुरुस्ती-किट मागवावे; वॉलब्रो आणि झामा ही कार्बोरेटर बनवणाऱ्या कंपन्यांची नावे आपल्याला वारंवार दिसतील. बाजारात मिळणारा स्वस्त अख्खा कार्बोरेटर घेण्यापेक्षा मूळ कार्बोरेटरात किट घालणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. उघडताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढावा, कारण दोन्ही बाजूंचा क्रम उलट असतो : पंपाच्या बाजूला आधी पडदा आणि मग गॅस्केट, तर मोजणीच्या, म्हणजे सुईच्या, बाजूला आधी गॅस्केट आणि मग पडदा. पंपाच्या बाजूला रुपयापेक्षा लहान, बारीक जाळी असते. तिच्यावर साचलेला चिकट मळ आणि भुसा पाहिला की यंत्र रुसण्याचे कारण कळते. जेटमध्ये, म्हणजे इंधनाच्या बारीक छिद्रांत, तार किंवा टाचणी घालू नये. कार्बोरेटर क्लीनर फवारून बेताने हवा मारावी, पण त्यापूर्वी रबरी भाग काढून ठेवावेत, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब मुख्य नोझलवर सोडू नये, कारण आतला नाजूक चेक व्हॉल्व्ह त्याने बिघडतो. सुईच्या तरफेची उंची किटसोबतच्या कागदाप्रमाणे ठेवावी. अनेक प्रकारांत ती खोलगट भागाच्या तळाशी सपाट असते.

स्क्रूंना हात लावण्याची वेळ आता येते. दोष इंधनाच्या वाटेत असताना स्क्रू फिरवल्याने मूळ जुळणी मात्र हरवते. ‘एल’ (कमी गतीचे इंधन जुळवणारा) आणि ‘एच’ (जास्त गतीचे इंधन जुळवणारा) हे दोन्ही स्क्रू हलकेच, जोर न लावता पूर्ण मिटवावेत आणि एकेक फेरा उघडावेत; आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. यंत्र तापल्यावर ‘एल’ असा लावावा की थ्रॉटल दाबताच ते न अडखळता उचलेल. ‘एच’ अधिक मिटवला तर आवाज खणखणीत होतो, इंजिन जोमात आल्यासारखे वाटते आणि नेमका त्याच वेळी पिस्टन जळत असतो. पूर्ण थ्रॉटलवर मोकळे यंत्र किंचित घरघरले आणि लाकडात घुसल्यावर आवाज स्वच्छ झाला, तर मिश्रण योग्य आहे असे समजावे. संथ गतीवर साखळी फिरता कामा नये.

सुरू करताना बार आणि साखळी जागेवर बसवून चेन ब्रेक लावावा, यंत्र जमिनीवर ठेवून मागच्या मुठीत उजवा पाय घालावा आणि चोक पूर्ण ओढून पहिला फटका ऐकू येईपर्यंतच दोरी ओढावी. फटका मिळताच चोक अर्धा करावा. बहुतेकजण इथे चुकतात आणि पूर्ण चोकवर ओढत राहून प्लग भिजवतात. एका हातात यंत्र लोंबकळत ठेवून दुसऱ्या हाताने दोरी ओढण्याची जी पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते, ती कृपया वापरू नये.

प्रश्न : माझे यंत्र सकाळी पहिल्या-दुसऱ्या ओढीत चालू होते, पण तासभर काम करून पेट्रोल भरायला थांबलो की अर्धा तास सुरू होत नाही. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : यंत्र रुसलेले असतानाच प्लग काढून, टोपीत घालून, त्याची धातूची बाजू सिलिंडरला टेकवून ठिणगी पाहावी. प्लग त्याच्या भोकापासून दूर धरावा, कारण भोकातून इंधनाची वाफ बाहेर येते. ठिणगी नसेल आणि गार झाल्यावर परत येत असेल तर इग्निशन कॉईल बदलावी लागेल. नवी बसवताना ती आणि फ्लायव्हीलचे चुंबक यांमध्ये साधारण ०.३ मिलिमीटर फट ठेवावी. जाड व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरले की काम होते. ठिणगी उत्तम असेल तर गरम इंजिनाला चोक देणे बंद करून पाहावे. तेवढ्याने भागले नाही तर गरम अवस्थेतच दाब मोजावा, कारण पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा गारठ्यात दिलेला दाब तापल्यावर देत नाहीत.

प्रश्न : पेट्रोलमध्ये ऑइल किती घालावे, आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या चेनसॉला धोका आहे काय? — एक वाचक, दापोली

उत्तर : पुस्तिकेत ५०:१ लिहिले असेल तर लिटरला २० मिलिलिटर आणि २५:१ लिहिले असेल तर ४० मिलिलिटर. ऑइल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचे, डब्यावर जासो या जपानी मानकाची एफडी किंवा एफसी ही प्रत छापलेले घ्यावे. किनाऱ्यावर होड्यांच्या इंजिनाचे टीसी-डब्ल्यू३ ऑइल सहज मिळते, पण ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे, चेनसॉत वापरू नये.

धोका आहे. जुन्या रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉलने लवकर खराब होतात, शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते, म्हणून अनेक उत्पादक हाताने जुळवायच्या कार्बोरेटरसाठी १० टक्क्यांहून अधिक इथेनॉल नको असे सांगतात. २० टक्क्यांचेच पेट्रोल वापरावे लागत असेल तर ‘एच’ स्क्रू किंचित अधिक उघडा ठेवावा. कोकणातल्या पावसाळी हवेत आणखी एक गोष्ट घडते. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, आणि ते पुरेसे झाले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसते. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. फिल्टर तळाशी असल्याने इंजिनात जाते ते बिनऑइलचे पाणीदार इथेनॉल. मिश्रण काचेच्या पारदर्शक बाटलीत ओतून काही वेळ स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर ते यंत्रात घालू नये. एका वेळी महिनाभरात संपेल एवढेच मिश्रण करावे, आणि मृगापूर्वी यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे.