कोस्ट गार्डच्या कोणाला युद्धातलं मोठं शौर्यपदक मिळालंय का?

तुमचा प्रश्न असा, की कोस्ट गार्डवाले किनाऱ्यावर गस्त घालतात, त्यांच्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याने कधी खरं युद्ध लढलंय का? आपलं तटरक्षक दल १९७७ सालचं, म्हणजे ७१ च्या युद्धानंतरचं. म्हणून मी अमेरिकेतलं नाव सांगतो: डग्लस मन्रो. कोस्ट गार्डमध्ये असताना 'मेडल ऑफ ऑनर', म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालेला आजवरचा हा एकटाच. आणि तो अधिकारी नव्हता, साधा सिग्नलमन, म्हणजे खुणांनी संदेश देणारा खलाशी होता.

दुसऱ्या महायुद्धात तिथलं कोस्ट गार्ड नौदलाच्या हाताखाली गेलं होतं. सैनिक उतरवणाऱ्या बोटी बऱ्याचदा हेच लोक चालवत, कारण फुटणाऱ्या लाटांत बोट वाळूला लावायचा हात यांचा बसलेला. मी कोकणातला. लाटेने होडी आडवी फिरली की काय होतं ते लहानपणी पाहिलंय, तेही कोणी गोळ्या झाडत नसताना.

२७ सप्टेंबर १९४२. पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटावर पॉइंट क्रूझजवळ उतरवलेले सुमारे ५०० मरीन (समुद्रातून उतरून लढणारे अमेरिकी सैनिक) जपान्यांच्या वेढ्यात सापडले. जवळ रेडिओ नाही, तेव्हा त्यांनी टेकडीवर पांढरे बनियन पसरून 'हेल्प' अशी अक्षरं काढली आणि वरून जाणाऱ्या वैमानिकाला ती दिसली. त्यांना त्याच दिवशी तिथे सोडून आलेला मन्रोच होता. परत आणशील का, असं विचारल्यावर तो लगेच निघाला.

बोटी लाकडी, प्लायवूडच्या. मरीन चढत असताना मन्रोने आपली बोट किनारा आणि बाकीच्या बोटी यांच्या मधे आणून उभी केली. तिच्यावर दोन हलक्या मशीनगन, बस्स. माझ्या मते खरं शौर्य इथेच आहे: पळ काढता येत असताना मुद्दाम थांबून राहणं. सगळे निघता निघता एक मोठी बोट वाळूत रुतलेली दिसली, तिलाही सोडवलं, आणि मग त्याला गोळी लागली. शुद्धीवर आला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "ते निघाले ना?" सोबतचा मित्र रेमंड इव्हान्स याने मान हलवली. मन्रो गेला तेव्हा त्याला २३ पूर्ण व्हायला १४ दिवस होते.

इव्हान्सला 'नेव्ही क्रॉस' हे नौदलाचं शौर्यपदक मिळालं आणि तो पुढे कमांडर होऊन निवृत्त झाला, म्हणजे तुम्हाला हवा तो अधिकारीही झाला! मन्रोचं पदक मे १९४३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याच्या आईवडिलांच्या हाती दिलं. त्यानंतर आई, ईडिथ, स्वतःच कोस्ट गार्डच्या महिला राखीव दलात भरती झाली.