चार्ट रोज डोळ्यासमोर, तरी पाढे पाठ का होत नाहीत?

प्रश्न: माझी मुलगी दुसरीत आहे. ती दोन वर्षांची असल्यापासून तिच्या खोलीत पाढ्यांचा मोठा चार्ट लावलाय, रोज दिसला की आपोआप पाठ होईल म्हणून. आता शाळेत पाढे सुरू झालेत तर ती चार्टकडे ढुंकूनही बघत नाही. तिचं लक्षच लागत नाही का? – एक आई, नाशिक

उत्तर: ताई, तिच्या लक्षाला नावं ठेवू नका प्लीज. इतकी वर्षं तो चार्ट समोर होता पण त्याचं कधी काही कामच पडलं नाही, कोणी त्यातलं विचारलं नाही, मग मेंदूने ठरवून टाकलं की ही वस्तू बिनकामाची, आणि आता तीच कामाची झाली तरी आधीचं ते शिकणं आड येतंय. याला लेटंट इन्हिबिशन म्हणतात. १९५९ साली लुबो आणि मूर या संशोधकांनी हे मेंढ्या-शेळ्यांवर दाखवलं. आधी दिवा नुसताच लुकलुकवायचा, पुढे काही नाही, असं १० वेळा. नंतर दिव्यापाठोपाठ पायाला शॉक, म्हणजे दिवा दिसला की पाय उचलायचा हे जनावराने शिकायचं. तर असा आधी फुकट बघितलेला दिवा शिकायला नव्या वस्तूपेक्षा जास्त वेळ लागला! फक्त १० वेळा बघून हे, तुमचा चार्ट तर पाच वर्षं लटकतोय. मोठ्यांमध्ये हा परिणाम दिसायला त्यांचं लक्ष दुसऱ्या कामात गुंतवावं लागतं, लहान मुलांत तेवढंही लागत नाही.

बरं, पाढे सगळ्याच मुलांना जड जातात, सगळा दोष चार्टवर टाकू नका. पण तो आजच काढा. जागा बदलली की हा परिणाम कमी होतो असं प्रयोगांत दिसलंय, म्हणून एकच पाढा, वेगळ्या कागदावर, वेगळ्या रंगात, जिथे जेवायला बसता तिथे लावा आणि पहिल्या दिवसापासून त्यातलं विचारा, चार पोळ्यांचे प्रत्येकी सहा तुकडे केले तर किती, असं. पाठ झाला की कागद काढायचा, मगच पुढचा.

आणि हाच गुण उपयोगाचाही आहे हं. दाताच्या डॉक्टरांकडे आधी दोन-चारदा काही न दुखता जाऊन आलेल्या मुलांना पुढे एखादी ट्रीटमेंट दुखली तरी त्या खुर्चीची भीती सहसा तेवढी बसत नाही. तेव्हा दात किडायची वाट न बघता तिला आत्ताच नुसतं दाखवून आणा.