नेटवर्कला जोडताय, तर आधी एवढं बघून घे

प्रिय पोरी,

जय ख्रिस्त. तुझा मेसेज वाचला. तुमची पुण्यातली फेलोशिप बाहेरच्या एका अपोस्टोलिक नेटवर्कला जोडायचं चाललंय, तुला त्यांच्या चर्च प्लांटिंग (म्हणजे नवीन चर्च सुरू करणाऱ्या) टीममध्ये बोलावलंय, आणि घरचे म्हणतायत आपलं सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, सोडून हे काय नवीन. जा किंवा जाऊ नको असं मी सांगणार नाही, पण ही नेटवर्कं आतून चालतात कशी ते सांगते, कारण बहुतेक जण उपासना बघून जोडले जातात आणि कारभार कसा आहे ते पुष्कळ नंतर कळतं.

सीएनआय १९७० साली नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन झालं आणि तिथे सगळं लिहिलेलं आहे, सगळ्यात वरची सभा म्हणजे सिनड, बिशपच्या हाताखालचा विभाग म्हणजे डायसिस, स्थानिक चर्चची पास्टोरेट कमिटी, बिशप रिटायर झाले की दुसरे कसे निवडायचे ते पण. नेटवर्कमध्ये यातलं फारसं काही नसतं. प्रत्येक चर्चचा आपला ट्रस्ट, आपलं बँक खातं, आणि या सगळ्यांना बांधून ठेवतं ते एका माणसाशी असलेलं नातं. त्याला प्रेषित (अपोस्टल) म्हणतात, काही ठिकाणी नुसतंच टीम लीडर म्हणतात, काम तेच. बायबलात इफिस ४:११ मध्ये प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक असं येतं ना, त्या पाचही सेवा आजच्या मंडळीलाही दिल्यात हा त्यांचा पाया. प्रेषित येतो, शिकवतो, हात ठेवून वडील (एल्डर, चर्च चालवणारे पुढारी) नेमतो, पास्टर आणि वडिलांचं फाटलं तर मध्ये बसतो, नवीन शहरात टीम पाठवतो, आणि चर्च आपल्या उत्पन्नातला काही भाग, बऱ्याच ठिकाणी दहावा हिस्सा, नेटवर्ककडे पाठवतं.

कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीचे प्राध्यापक पीटर वॅग्नर यांनी १९९० च्या दशकात या लाटेला न्यू अपोस्टोलिक रिफॉर्मेशन असं नाव दिलं. (सगळी नेटवर्कं हे नाव स्वतःला लावून घेत नाहीत, त्यामुळे ते ऐकलं की लगेच दचकू नको.) त्यांनीच एक फरक सांगितला तो मला अजून उपयोगी वाटतो. काही प्रेषितांच्या हाताखाली चर्चेस असतात, आणि काही नुसते बरोबरीच्या पुढाऱ्यांना एकत्र आणतात, तिथे कोणी कोणाचा साहेब नसतो. तुमच्याकडे आलेलं यातलं कुठलं आहे ते पहिल्याच मीटिंगला विचार.

यातलं चांगलं काय असतं तेही बघ. इंग्लंडच्या ब्रायटनमधून टेरी व्हर्गो यांनी न्यूफ्रंटियर्स हे नेटवर्क उभं केलं, तिथल्याच स्टोनली गावाला १९९१ ते २००१ दर उन्हाळ्यात बायबल वीक व्हायचा, हजारो लोक यायचे, आणि तो भरात असताना त्यांनी स्वतःहून बंद केला कारण चर्च सुरू करण्यावर जोर द्यायचा होता. मग २०११ मध्ये सगळं एका वारसाच्या हातात न देता त्यांनी वेगवेगळ्या पुढाऱ्यांमध्ये वाटून टाकलं, कॅटलिस्ट, कमिशन, क्राइस्टसेंट्रल, न्यू ग्राउंड अशी आज वेगवेगळी नेटवर्कं आहेत. ज्याच्या शब्दावर सगळं चालतं त्याने जिवंतपणी सूत्रं सोडणं ही फार मोठी गोष्ट आहे, मला त्याचा मनापासून आदर वाटतो. पण याच न्यूफ्रंटियर्समध्ये चर्चचे वडील म्हणून पुरुषच नेमायचे अशी शिकवण होती. टीममध्ये बाया राबणार, उपासना चालवणार, पण निर्णयाच्या खोलीत नसणार, हे तुला चालणार आहे का याचा विचार आत्ता कर, तीन वर्षांनी नको.

सूत्रं सोडायची सोयच नसली तर काय होतं तेही सांगते. लंडनमध्ये १८३५ साली कॅथलिक अपोस्टोलिक चर्चने (हे रोमन कॅथलिक नव्हे) बारा प्रेषित वेगळे केले, त्यांना वाटत होतं की यांच्या हयातीतच प्रभू येणार, त्यामुळे पुढचे प्रेषित नेमायची तरतूद नव्हती आणि पाळकांची दीक्षा तर प्रेषितच देऊ शकत होते. शेवटचे प्रेषित १९०१ मध्ये वारले, त्यानंतर नवी दीक्षा नाही, म्हातारे पाळक एकेक करत गेले आणि चर्च विझत गेलं. गॉर्डन स्क्वेअरमधली त्यांची भव्य इमारत अजून उभी आहे. जर्मनीतल्या ज्या लोकांनी नवे प्रेषित निवडायला सुरुवात केली ते १८६३ मध्ये वेगळे झाले, आणि त्यांचंच न्यू अपोस्टोलिक चर्च आज जगभर आहे. म्हणून तुमच्या प्रेषितांना आदराने पण सरळ विचार, तुम्ही उद्या नसलात तर आमचं काय, आणि तुमची चूक झाली तर तुम्हाला थांबवणारा कोण. "मी देवाला जबाबदार आहे" हे उत्तर मला पुरत नाही, मला माणसांची नावं हवीत.

हे मी कळकळीने सांगतेय कारण यातून माणसं मोडतात. १९७० च्या दशकात फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या पाच शिक्षकांनी शेफर्डिंगची चळवळ चालवली, प्रत्येकाच्या वर एक मेंढपाळ, आणि पुष्कळ ठिकाणी नोकरी कुठली धरायची, लग्न कोणाशी करायचं, घर कुठे घ्यायचं हे पण तो ठरवायला लागला, दशांशही त्याच्याकडेच जायचा. १९८६ मध्ये ते मोडलं, पाचातल्या बॉब ममफर्ड यांनी १९८९ मध्ये जाहीर माफी मागितली. तोवर कितीतरी घरं फुटली होती गं. तुझं शिक्षण, तुझं लग्न यात सल्ला कोणाचाही घे, परवानगी मागायला लागलं की मला फोन कर.

आता पैसा. २ करिंथ ८ मध्ये पौल यरुशलेमसाठी वर्गणी नेतोय तर सोबत मंडळ्यांनी निवडलेला भाऊ आहे, कोणी बोट दाखवू नये म्हणून. ख्रिस्ती लोकांच्या पहिल्या काही पिढ्यांतल्या दिदाखे या पुस्तकात तर आणखी कडक आहे, प्रेषित तीन दिवस राहिला तर खोटा, निघताना भाकरीपेक्षा जास्त घेऊ नये, पैसे मागितले तर खोटा. आपल्याकडे याच्यावर कायदाही आहे. परदेशी पैसा घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, तो आधी दिल्लीच्या स्टेट बँक मेन ब्रँचच्या खात्यातच येतो, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेला आलेला परदेशी निधी तिला दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे "आमच्या भारतातल्या ट्रस्टला पैसा येतो, तिथून तुम्हाला पाठवू" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा, आणि मंडळीच्या कामाचा परदेशी पैसा पास्टरच्या घरच्या खात्यात तर अजिबात नको.

तुमच्या फेलोशिपचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर परिशिष्ट १ चा उतारा काढ, त्यात ट्रस्टी कोण आणि मिळकत कोणती ते दिसतं. जोडल्यावर नवीन ट्रस्टी घालायचे असतील तर चेंज रिपोर्ट (बदलाची माहिती आयुक्तांकडे) द्यावा लागेल, तो कोणाच्या नावाने जातोय ते बघ. आणि हॉलची जागा नेटवर्कच्या ट्रस्टला द्यायची भाषा निघाली तर आयुक्तांच्या परवानगीशिवाय सही करू नका म्हणून पास्टरना माझं नाव घेऊन सांग.

उतारा आणि मागच्या तीन वर्षांचे ऑडिट मिळाले की फोटो पाठव, मी रात्री बसून बघते. रविवारच्या मीटिंगआधी आपण बोलू.

तुझी,
मावशी