रंगाआधी भिंत वाळू दे

भावा, गणपतीआधी रंग उरकायची घाई करू नकोस. आपल्या कोल्हापूरच्या पावसात भिंती आतून ओल्या राहतात. दिवाळीआधीचं कोरडं ऊन बघून काम काढ, आणि ओल कुठून येते ते त्याआधी शोध.

भिंतीवर तळहात फिरव. पांढरी भुकटी लागली तर तो जुना चुना किंवा डिस्टेंपर (खडूच्या भुकटीचा स्वस्त रंग). तो पुरता खरवडून काढ, नाहीतर नवा रंग पापुद्रे धरून सुटतो. ह्या कामात कंटाळा नको! मग पुट्टीचे (भेगा-खड्डे बुजवायच्या लेपाचे) दोन पातळ हात, घासायला पॉलिश पेपर, धूळ पुसून प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात). छत आधी, भिंती नंतर. इमल्शनच्या, म्हणजे प्लास्टिक पेंटच्या, दोन हातांमध्ये किमान ४ तास जाऊ देत.

जुन्या वाड्यातली मातीची भिंत असेल तर मात्र प्लास्टिक पेंट नको, चुनाच दे; आतली ओल बाहेर पडायला वाट राहते.